डसेलडॉर्फची कंटाळवाणी रात्र

३६ मिनिटांत ५२ ठोसे. २८ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री जर्मनीतल्या डसेलडॉर्फमध्ये अजिंक्यवीर व्लादिमिर क्लिचकोचे आव्हानवीर टायसन फ्युरीला लागले ते एवढेच. उगारले होते २३१. बारा फेऱ्यांवर वाटून बघा, फेरीला चार ठोसे आणि वर थोडी चिल्लर. चौकातल्या भांडणात याहून जास्त पडतात. फ्युरीचे आकडेही डोळे दिपवणारे नव्हते : ३७१ पैकी ८६. आणि ही बॉक्सिंगमधल्या हेवीवेटची, म्हणजे जगातल्या सगळ्यांत धिप्पाड, सगळ्यांत जोरकस मारणाऱ्या माणसांची अजिंक्यपदाची लढत. स्टेडियममध्ये पन्नास हजारांच्या वर माणसं, युरोपात रात्र, अमेरिकेत दुपार, आपल्याकडे २९ तारखेची पहाट. त्या दिवसापर्यंत क्लिचकोच्या नावावर ६४ विजय होते आणि त्यांतले ५३ समोरच्याला वेळेआधीच संपवून मिळवलेले. एप्रिल २००४ नंतर तो कुणाकडून हरला नव्हता. तिन्ही पंचांनी त्या रात्री फ्युरीला विजयी ठरवलं, ११५-११२, ११५-११२, ११६-१११. जगाचा अजिंक्यवीर बदलला आणि बघणाऱ्यांतल्या निम्म्यांनी जांभई दिली.

लढतीआधी जो गाजावाजा झाला होता, त्याच्यापुढे तर ही जांभई आणखीच मोठी वाटते. खरं तर सामना ऑक्टोबरात व्हायचा होता, पण क्लिचकोच्या पोटरीला दुखापत झाली आणि तो महिनाभर पुढे गेला. त्याआधी सप्टेंबरात लंडनच्या पत्रकार परिषदेत फ्युरी बॅटमॅनच्या वेशात आला. जोकरचा वेश घातलेल्या एका माणसाला त्यानं तिथंच, टेबलाच्या आजूबाजूला लोळवलं. क्लिचको सुटाबुटात बसून बघत होता. दुसऱ्या एका पत्रकार परिषदेत फ्युरीनं त्याला तोंडावर सांगितलं होतं, की तुझ्यात करिश्मा माझ्या चड्डीएवढाच आहे. तू कंटाळवाणा आहेस, तुझ्यामुळे हेवीवेट बॉक्सिंग मेलंय, हा त्याचा सगळा सूर. आणि मग रिंगमध्ये उतरून त्यानं काय केलं? कंटाळवाण्या माणसाला त्याच्याहून कंटाळवाणं लढून हरवलं. विनोद म्हणून हे मला आजही फार आवडतं.

त्या लढतीबद्दल बोलणाऱ्यांचे दोन पक्ष लगेच पडले, आणि ते अजून तसेच आहेत. एक पक्ष म्हणतो, ही लढतच नव्हती, दोन उंच माणसं एकमेकांकडे बघत गोल फिरत होती. दुसरा पक्ष म्हणतो, तुम्हाला कळत नाही, ते बुद्धिबळ होतं. या बुद्धिबळवाल्यांचा मला पहिल्या पक्षाहून जास्त राग येतो. कुठलीही रटाळ लढत झाली की हे लोक बुद्धिबळाचा पट उघडतात. पण कुठली सोंगटी कुठं हलली, ते विचारलं की गप्प. डसेलडॉर्फची लढत कौशल्याची होती असं माझंही मत आहे, म्हणून तर ते कौशल्य नेमकं कुठं होतं ते सांगायची जबाबदारी येते.

त्यासाठी आधी क्लिचको समजून घ्यायला हवा.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सुपर हेवीवेटचं सुवर्ण मिळवलेला हा युक्रेनी पोरगा व्यावसायिक झाला तेव्हा अजिबात कंटाळवाणा नव्हता. तो धावून जायचा, मारायचा, दमायचा. १९९८ मध्ये कीव्हमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, रॉस प्युरिटी नावाच्या साध्या अमेरिकन बॉक्सरनं त्याला दमवून हरवलं. २००३ मध्ये हॅनोव्हरला दक्षिण आफ्रिकेच्या कॉरी सँडर्सनं दोन फेऱ्यांत उडवलं. २००४ मध्ये लास वेगासला लॅमॉन ब्रूस्टरनं पाच फेऱ्यांत. तिन्ही वेळा गोष्ट तीच : हाताला जोर प्रचंड, पण मार खाल्ला किंवा दम संपला की माणूस कोसळतो. लोकांनी त्याच्या नावावर फुली मारली होती.

तेव्हा त्याच्या कोपऱ्यात डेट्रॉइटच्या क्रॉंक जिमचे प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्ड आलेले होते. त्यांनी या कचखाऊ हनुवटीच्या माणसाभोवती एक पद्धत बांधली. तू साडेसहा फूट उंच आहेस ना, मग कुणाला जवळ येऊच देऊ नकोस. डावा हात सतत पुढे. तो हात कधी जॅब, म्हणजे झटपट सरळ ठोसा, मारतो, कधी नुसता समोरच्याच्या तोंडासमोर लोंबत राहतो, कधी त्याचा पुढचा हात दाबून धरतो. अंतर मोजायची पट्टीच ती. अंतर जुळलं की उजवा हात सरळ रेषेत सुटतो. आणि इतकं करून कुणी आत शिरलाच तर त्याला मिठी मारायची, वरून शंभर-सव्वाशे किलोचा भार मानेवर टाकायचा, रेफरीनं सोडवलं की पुन्हा डावा हात पुढे.

या पद्धतीनं एप्रिल २००६ मध्ये मॅनहाइमला क्रिस बर्डकडून त्यानं अजिंक्यपद घेतलं आणि साडेनऊ वर्षं सोडलं नाही. बघायला मात्र ती जुलूम होती. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुलतान इब्रागिमोव्हविरुद्ध तो इतका जपून खेळला की प्रेक्षकांनी हुर्यो केली. २०१३ मध्ये मॉस्कोत अलेक्झांडर पोवेत्किनला त्यानं चार वेळा खाली पाडलं, तिन्ही पंचांनी ११९-१०४ गुण दिले, तरी लोकांच्या लक्षात राहिल्या त्या मिठ्याच. हुर्यो करणाऱ्यांचा काही दोष नाही. पण एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटत होती असं मला वाटतं. हा माणूस तीनदा सगळ्या जगासमोर कोसळला होता. त्याचं जपून खेळणं आळसातून आलेलं नव्हतं, त्या तीन रात्रींतून आलेलं होतं.

तर अशा माणसाच्या समोर २७ वर्षांचा फ्युरी. मँचेस्टरचा, आयरिश भटक्या समाजातला, एकही लढत न हरलेला. सहा फूट नऊ इंच. क्लिचकोहून तीन इंच उंच, हातांचा पल्ला चार इंचांनी जास्त. पण त्याच्याबद्दल फारशी खात्री कुणालाच नव्हती. २०१३ मध्ये न्यूयॉर्कला त्याच्याहून खूपच हलक्या असलेल्या स्टीव्ह कनिंगहॅमनं त्याला दुसऱ्याच फेरीत पाठीवर झोपवलं होतं. तो उठला आणि जिंकला, पण क्लिचकोचा उजवा हात लागल्यावर तो उठेल यावर पैज लावायला लोक तयार नव्हते.

लढतीचा पहिला डाव रिंगमध्ये उतरण्याआधीच पडला होता. आदल्या दिवशी फ्युरीच्या गोटानं रिंगवर चालून बघितलं आणि कॅनव्हासखालचा फोम फार जाड, फार मऊ आहे अशी तक्रार केली. प्रकरण माघार घेण्याच्या धमकीपर्यंत गेलं, शेवटी फोमचे थर काढावे लागले. वरवर ही किरकीर वाटते. पण मऊ रिंगमध्ये पाय रुततात, आणि ज्याला सतत हलत राहायचंय त्याचं त्यात मरण असतं. एका जागी उभं राहून मारणाऱ्याला काही फरक पडत नाही. म्हणजे फ्युरीचे काका आणि प्रशिक्षक पीटर फ्युरी यांना आपण कुठल्या तऱ्हेची लढत लढणार आहोत ते पक्कं माहीत होतं. लढतीच्या रात्री आणखी एक गंमत झाली. क्लिचकोनं फ्युरीचा माणूस हजर नसताना हातांना पट्ट्या बांधून घेतल्या. त्यावर हरकत घेऊन त्याला त्या सोडून पुन्हा बांधायला लावलं. अकरा वर्षं ज्याच्या रात्रीत मिनिटाचाही फरक पडला नव्हता, त्याला रिंगकडे निघण्याआधीच कुणीतरी थांबायला लावलं होतं.

आता पहिली फेरी. क्लिचकोनं सवयीनं डावा हात पुढे केला आणि पट्टी छोटी पडली. एवढंच झालं. पण त्या एवढ्याशातच पुढची ३५ मिनिटं आहेत. त्याची सगळी पद्धत मी समोरच्याहून लांब आहे या गृहीतकावर उभी होती, आणि ते गृहीतक पहिल्याच मिनिटाला मोडलं. बरं, नुसता लांब माणूस असता तर दोन-तीन फेऱ्यांत सवय झाली असती. फ्युरी एका अंतरावर राहतच नव्हता. कमरेतून मागे वाकायचा, दोन्ही हात मांडीपाशी, डोकं डावी-उजवीकडे झुलतंय. मध्येच पवित्रा बदलून डावखुरा व्हायचा, पाचदहा सेकंदांनी पुन्हा उजवा. प्रत्येक वेळी पवित्रा बदलला की समोरच्याच्या पायांचा हिशोब चुकतो : आत्ताच बाहेर असलेला पाय आत आलेला असतो, उजव्या हाताची मोकळी वाट बंद झालेली असते. क्लिचको थांबून नव्यानं हिशोब करायचा. हिशोब जुळेपर्यंत फ्युरी पुन्हा बदललेला.

आणि या सगळ्यावर हुली. खांद्याची हूल, गुडघ्याची हूल, नजरेची हूल. फ्युरीनं ३७१ ठोसे फेकले असं यंत्रासमोर बसून मोजणाऱ्यांनी सांगितलं. हुली कुणी मोजल्या नाहीत. त्या मोजल्या असत्या तर आकडा बहुधा कितीतरी पुढे गेला असता, आणि क्लिचको त्या रात्री कशाला उत्तर देत होता तेही कळलं असतं. सुरुवातीच्याच एका फेरीत फ्युरीनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तोंड पुढे करून उभा राहिला. हा नुसता चाळा नव्हता. क्लिचकोला तो दाखवत होता, की मी तुझ्या पल्ल्याबाहेर आहे आणि ते आपल्या दोघांनाही माहीत आहे.

हूल म्हणजे काय ते मला वाचून कळलं नव्हतं. पुण्यात मी काही काळ एका बॉक्सिंगच्या क्लासला जात होतो. वय बॉक्सिंग शिकायचं नव्हतंच, पोट कमी करायचं होतं. तिथं कोथरूडहून एक शिडशिडीत, माझ्याहून वीतभर उंच मुलगा यायचा. सरांनी एकदा आमची जोडी लावली. मी हात उचलायचा विचार केला की त्याचा खांदा हलायचा. ठोसा यायचाच नाही. नुसता खांदा. पण तेवढ्यानं माझा हात जिथं होता तिथंच राहायचा, किंवा तोंडासमोर यायचा. पुन्हा मन बांधायचं, पुन्हा खांदा. फेरी संपली तेव्हा मला नीट लागलेले ठोसे दोन-तीनच असतील. मात्र मी इतका दमलो होतो की दोरीला टेकून उभा राहिलो. बाहेरून आमच्या बॅचमधला एकजण ओरडत होता, "अरे, मार ना! नुसता बघतोयस काय!" त्याला खरंच दिसत नव्हतं मी का मारत नाही ते. मलाही सांगता आलं नसतं. सर एवढंच म्हणाले, "हाताकडे बघू नकोस, छातीकडे बघ. हात खोटं बोलतो."

क्लिचकोला ओरडून सांगणारे पन्नास हजार होते. लढतीनंतर त्यानं स्वतः कबूल केलं, की फ्युरी वेगवान होता, पल्ला त्याचा लांब होता, त्यामुळे उजवा हात सोडताच आला नाही. हात होता, जोर होता, साडेनऊ वर्षांचा सराव होता. हात निघत नव्हता.

पडद्यावर यातलं काय दिसतं? काहीच नाही. न पडलेल्या ठोशाचं रिप्ले दाखवता येत नाही. समालोचक त्याबद्दल ओरडू शकत नाही. पंचांना गुण देताना चार गोष्टी बघायच्या असतात असं मानतात : स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, बचाव आणि रिंगवरची हुकूमत. यांतल्या शेवटच्या दोन प्रेक्षकाला बहुतेक वेळा अदृश्यच असतात. एका पंचाच्या कागदावर फ्युरीनं नऊ फेऱ्या जिंकल्या होत्या, बाकी दोघांच्या कागदावर आठ. फेरीला सरासरी सातच ठोसे लागले असताना इतका एकतर्फी निकाल का, हे ज्यांना कळलं नाही त्यांनी या अदृश्य रकान्यांत बघावं.

माझ्या मामेभावाला यातलं काही पटत नाही. त्यानं ती पहाट माझ्याबरोबर काढली होती आणि अजून तिची भरपाई मागतो. तो बॉक्सिंगवेडा नाही, पण कबड्डी, कुस्ती, क्रिकेट सगळं बघतो. त्याचा मुद्दा सरळ असतो : "हुशारी असेल रे, नाही म्हणत नाही. पण मी काय हुशारी बघायला उठलो होतो काय पहाटे?" त्याच्यावर मी एकदा बापू नाडकर्णींचा पत्ता टाकला. नाशिकच्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानं जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध ओळीनं २१ षटकं निर्धाव टाकली होती. सलग १३१ चेंडूंवर धाव नाही. डावात ३२ षटकं, २७ निर्धाव, पाच धावा, बळी शून्य. आपण मराठी माणसं हा विक्रम छाती फुगवून सांगतो की नाही? मग त्या दिवशी तिथं काय घडलं? काहीच घडलं नाही, एकशे एकतीस वेळा. चेंडू एकाच जागी टाकत राहायचं आणि समोरच्याला काही करू द्यायचं नाही, हीच फ्युरीची डसेलडॉर्फमधली गोलंदाजी.

मामेभाऊ जरा थांबला आणि म्हणाला, "सांगतो अभिमानानं. पण मद्रासला जाऊन ती एकवीस षटकं बघायचं तिकीट काढशील?"

याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते शोधायचीही गरज मला वाटत नाही. एखादी गोष्ट बघायला कंटाळवाणी आहे आणि करायला महाकठीण आहे, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. गंमत अशी की बुद्धिबळवाले ही पहिली अर्धी बाजू कबूलच करत नाहीत. कंटाळा आला म्हणणारा अडाणी, असं त्यांना वाटतं. मला आठव्या-नवव्या फेरीच्या आसपास डुलकी लागायची वेळ आली होती, आणि फ्युरी काय करतोय ते मला दिसतही होतं.

एक विचार मात्र मी बरेच दिवस घोळवतोय. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात मोहम्मद अलीनं जॉर्ज फोरमनला हरवलं. दुसऱ्या फेरीपासून अली दोरांना पाठ लावून उभा, फोरमन त्याच्या कोपरांवर, बरगड्यांवर घणाचे घाव घालतोय, अली मध्येच चार ठोसे टाकून पुन्हा दोरांवर रेलतोय. आठव्या फेरीत फोरमन दमला आणि अलीनं त्याला पाडलं. आज ती डावपेचांची सर्वोच्च रात्र मानली जाते. आता समजा, आठव्या फेरीत फोरमन पडला नसता. पंधरा फेऱ्या तशाच रेलून निघाल्या असत्या आणि अली गुणांवर जिंकला असता. पंचांच्या कागदांवर तो तोपर्यंत पुढे होताच. मग त्या सात फेऱ्यांना आपण काय म्हटलं असतं? शेवटच्या त्या दहा-बारा सेकंदांनी आधीचा सगळा वेळ मागे जाऊन रंगवला. वाट बघणं एकदम सापळा झालं. फ्युरीच्या लढतीला तसा शेवट नाही, म्हणून तिच्या अकरा फेऱ्या बिनरंगाच्या राहिल्या.

उलट उदाहरण तर क्लिचकोचंच आहे. २९ एप्रिल २०१७, लंडनचं वेम्बली, ९०,००० प्रेक्षक, समोर अँथनी जोशुआ. पाचव्या फेरीत जोशुआनं ४१ वर्षांच्या क्लिचकोला खाली पाडलं. त्याच फेरीत क्लिचको उठला आणि जोशुआचा दम संपला. सहाव्या फेरीत क्लिचकोच्या उजव्या हातानं जोशुआ आडवा. अकराव्या फेरीत क्लिचको दोनदा खाली, लढत थांबवली. या शतकातल्या सगळ्यांत थरारक हेवीवेट लढतींमध्ये ती धरतात आणि मीही धरतो. पण ती थरारक कशानं झाली? चुकांनी. जोशुआनं एका फेरीत सगळी शिदोरी संपवली. क्लिचकोनं जोशुआला पाडल्यावर संपवायची घाई केली नाही, आणि अकराव्यात त्याच अंतरावर उभा राहिला जिथं उभं राहायचं नव्हतं. थरार म्हणजे दोघांच्या बचावातली भोकं. डसेलडॉर्फला एकाच्या बचावात भोक नव्हतं आणि दुसऱ्याला ते शोधायचं धाडस नव्हतं.

इथं मला बुद्धिबळवाल्यांपासून आणखी एका ठिकाणी वेगळं व्हावं लागतं. त्या रात्रीचं सगळं श्रेय मी फ्युरीला देऊ शकत नाही. बाराव्या फेरीत क्लिचको अखेर सुटला. चेहऱ्यावर जखमा, गुण हातचे गेलेले, तेव्हा कुठे त्यानं पट्टी फेकून दिली आणि आत घुसला. उजवे हात लागले, फ्युरीला पहिल्यांदाच मागे सरून निभवावं लागलं. अकराव्या फेरीत मानेमागे मारल्याबद्दल रेफरी टोनी वीक्सनं फ्युरीचा एक गुण कापला होता, तेव्हा तोही दमलेला दिसत होता. म्हणजे आत घुसता येत होतं. धोका होता, पण येत होतं. मग आधीची ३३ मिनिटं? हुलींनी हात बांधले हे खरं. पण त्यावर एका ३९ वर्षांच्या माणसाची जुनी भीतीही होती, सँडर्स आणि ब्रूस्टरच्या वेळची. स्टुअर्ड २०१२ मध्ये वारले होते. कोपऱ्यात त्यांचाच शिष्य जॉनथन बँक्स होता, पण तो क्लिचकोहून वयानं लहान, काल-परवापर्यंत त्याच्या सरावातला जोडीदार. दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटाला स्टुअर्डनी काय केलं असतं, याची कल्पना करायचा मोह मला दर वेळी होतो. त्यांचा आवाज चढला असता एवढं नक्की.

फ्युरीला माणूस म्हणून डोक्यावर घ्यावं असं मी म्हणत नाही. त्या दिवसांत समलैंगिकांबद्दल आणि स्त्रियांबद्दल तो जे बोलला ते किळसवाणं होतं, आणि ब्रिटनमध्ये त्यावरून मोठा गदारोळ झाला. पुढे उत्तेजकांच्या जुन्या चाचणीवरून त्याच्यावर मागच्या तारखेची दोन वर्षांची बंदी आली, त्या आधीच्या एका लढतीचा निकाल रद्द झाला, डसेलडॉर्फचा मात्र कायम राहिला. हे सगळं त्याच्या नावाबरोबर येतं आणि यायलाच हवं. पण रिंगमधल्या त्या ३६ मिनिटांत त्यानं जे केलं ते करू शकेल असा दुसरा दोनशे पौंडांच्या वरचा माणूस तेव्हा मला दिसत नव्हता. नंतरही एकच दिसला, ओलेक्सांद्र उसिक. मे २०२४ मध्ये रियाधला त्यानं फ्युरीला हरवलं, तेही पायांनी आणि हुलींनीच.

आणि फ्युरीला मारामारी येत नव्हती म्हणून तो असा खेळला, असंही नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये लास वेगासला डिऑन्टे वाइल्डरवर तो पहिल्या मिनिटापासून चालून गेला आणि सातव्या फेरीत त्याला संपवलं. तेव्हा कोपऱ्यात प्रशिक्षक होता शुगरहिल स्टुअर्ड, इमॅन्युएल यांचा पुतण्या. ज्या घराण्यानं क्लिचकोला जपायला शिकवलं, त्याच घराण्यानं फ्युरीला घुसायला लावलं. वाइल्डरला मागे जात लढता येत नाही, म्हणून त्याला मागे ढकला. क्लिचकोला पुढे जायची भीती वाटते, म्हणून त्याला पुढे बोलावत राहा आणि तिथं सापडू नका. दोन रात्री इतक्या वेगळ्या दिसतात, पण मागचा प्रश्न एकच : समोरच्याला सगळ्यांत जास्त काय नको आहे?

त्या लढतीची परतफेड, म्हणजे दोघांची पुन्हा एक लढत, व्हायची होती. करारातच होती. त्या करारापायी ठरलेल्या आव्हानवीराशी खेळता येत नाही म्हणून अजिंक्यपदाचे पट्टे देणाऱ्या संघटनांपैकी एकीनं फ्युरीचा पट्टा दोन आठवड्यांच्या आत काढूनही घेतला होता. जुलै २०१६ ची तारीख मँचेस्टरला ठरली, फ्युरीचा घोटा मुरगळला. ऑक्टोबरची ठरली, तीही बारगळली. फ्युरी नैराश्यात, दारूत, कोकेनमध्ये बुडत गेला आणि त्यानं उरलेले पट्टे सोडून दिले. क्लिचको वेम्बलीला जोशुआशी लढला आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये निवृत्त झाला.

मला बघायची होती ती हीच न झालेली लढत. बाराव्या फेरीतला क्लिचको पहिल्या फेरीपासून आला असता तर फ्युरीच्या हुली टिकल्या असत्या का? मिठीत शिरलेल्या, मार खायला तयार झालेल्या क्लिचकोपुढे ते मागे वाकणं, ते झुलणं किती फेऱ्या चाललं असतं? डसेलडॉर्फला दिसलं ते कौशल्य किती आणि समोरच्याची भीती किती, हे वेगळं काढायचा तो एकच मार्ग होता. परवा मामेभावाला हे सांगत होतो. तो शांतपणे ऐकत होता.

"म्हणजे अजून छत्तीस मिनिटं?" तो म्हणाला. "आणि या वेळी तरी कोणी कोणाला मारलं असतं का?"

मी म्हटलं, "फेरीला आठ-दहा तरी."